सणांचें माहेर आणि हक्कसोडपत्र

काळ बदलला आहे, तेव्हां जुन्याचा मोह सोडावा, असा उपदेश हल्लीं घरोघर ऐकूं येतो, आणि सणावारांच्या तोंडावर तर त्याला विशेष ऊत येतो. गांवच्या घरीं सर्वांनीं जमून गणपति बसविणें आतां जमत नाहीं, गौरींचा तीन दिवसांचा खटाटोप एकट्या सुनेस झेपत नाहीं, दिवाळीचा फराळ पेठेंत विकत मिळतो, मग जुनें कवटाळून कां बसावें, असें म्हणणारे लोक शहाण्यांत मोडतात. या शहाण्यांशीं आमचें फारसें भांडण नाहीं. सण माणसांनीं घातले आणि माणसांनींच ते वेळोवेळीं वाकविले. घरांत सुतक आलें म्हणजे गणपति बसत नाहीं; घाटाखालीं रायगड जिल्ह्यांत तर ज्यांची भाद्रपद शुद्ध चतुर्थी चुकली त्यांच्या सोयीस वद्य चतुर्थीचा, साखरचौथीचा, गणपति आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथींत ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाडींतून पंढरपुरास गेल्या, आणि लालबागच्या मंडळानें त्या वर्षीं मूर्ति न बसवितां रक्तदानाचें शिबिर भरविलें. त्यामुळें धर्म बुडाला असें कोणी म्हणाल्याचें आमच्या कानांवर नाहीं. तेव्हां सोडण्याची विद्या आमच्या लोकांस अवगत नाहीं असें मुळींच नव्हे.

आमचा आक्षेप निराळा आहे. कोणीं काय सोडावयाचें आणि कोणीं काय राखावयाचें याचा निवाडा करावयास जो बसतो, तो बहुधा राखणाऱ्यांच्या पक्षाचा असतो. सणाचें स्वयंपाकघर, सणाची ओवाळणी, सणाचें घर आणि त्या घराखालची जमीन या चार वस्तु परस्परांपासून तोडून, पहिल्या तीन वस्तूंविषयीं रसाळ बोलावयाचें आणि चौथीविषयीं हळूच एका कागदावर सही घ्यावयाची, हा प्रकार आज पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, आणि तसें पाहिलें तर जेथें जेथें जमिनीला अवचित भाव आला तेथें तेथें, राजरोस चालला आहे. त्या कागदाचें नांव हक्कसोडपत्र. त्याविषयीं चार स्पष्ट शब्द लिहावे, यासाठीं हा लेख.

ज्यांस मुळशीची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. हा मुलूख मावळचा. पावसाळ्यांत चार महिने आभाळ गळत असतें. उतारावर नाचणी-वरई आणि खाचरांत भात. एरवीं जमीन अशी कीं, दोन पिढ्यांपूर्वीं तिची वाटणी मागावयास कोणी धांवत येत नसे. भावाचेंच पोट त्या खाचरांवर भरत नसे, तो मुंबईस गिरणींत नाहीं तर गोदींत जाई. मग बहिणीनें काय मागावें? पुढें तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी-माणच्या शिवारांत संगणकाच्या कंपन्यांची वसाहत झाली, पौडच्या रस्त्यानें घरें चढत गेलीं, ताम्हिणी घाटाच्या वाटेवर शहरी लोकांचीं विश्रामगृहें उभीं राहिलीं, आणि मोसे नदीच्या खोऱ्यांत लवासा नांवाचें एक नगरच डोंगर खोदून उठविण्याचा घाट घातला गेला. (त्या नगराचें काम २०१० सालीं केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें थांबविलें, आणि २०१८ सालीं तें दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेलें, पण तो विषय वेगळा.) ज्या खाचराची किंमत पूर्वीं पायलींत मोजीत, तें आतां गुंठ्यांत आणि गुंठा लाखांत मोजूं लागले. भावाला बहिणीच्या सहीची आठवण या वेळीं झाली.

ही आठवण सणालाच कां होते, हें पाहण्यासारखें आहे. आमच्या वर्षाच्या पाठींत माहेरचे सण ठराविक आहेत. नागपंचमीला मुराळी जातो. भाद्रपदांत गौर येते, ती स्वतः माहेरवाशीण होऊन तीन दिवस राहते, जेवते आणि जाते. दिवाळींत लेकीबाळी येतात, पाडवा होतो आणि भाऊबिजेला ओवाळणी पडते. सासुरवाशिणीच्या जिण्यांत हे दिवस म्हणजे उन्हांतल्या वाटसराला झाडाची सावली. ज्या बाईला सासरीं आपल्या नांवाचा पाट नाहीं, तिला येथें बालपणींच्या नांवानें हांक मारणारें माणूस भेटतें. हें सुख खोटें आहे असें आम्हीं म्हणत नाहीं. उलट तें खरें आहे, म्हणूनच त्याचा असा उपयोग करतां येतो. चुलीजवळ बसून वहिनी चकल्या तळते, आई असेल तर डोळे पुसते, आणि भाऊ सहज म्हणतो, “ताई, जरा कचेरींत येऊन जायचंय. नुसती सही आहे. कागद साफ करून घेतोय.” भाऊबिजेच्या दिवशीं सरकारी कचेरी बंद असते, तेव्हां ताईनें एक दिवस अधिक राहावें, असा आग्रह होतो. सुटीनंतर कचेरी उघडते. दुय्यम निबंधकापुढें ताईचें छायाचित्र काढलें जातें, अंगठ्याचा ठसा उमटविला जातो, ओळख पटविणारे दोन इसम बाहेर चहा पीत उभेच असतात. जातांना एक साडी मिळते. ‘बहिणीची साडीचोळी केली’ हें वाक्य आमच्या भाषेंत औदार्याचें म्हणून रूढ आहे! त्या साडीच्या किंमतीचा आणि सोडलेल्या गुंठ्यांच्या किंमतीचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. मांडला तर ताई हिशेबी ठरते, आणि हिशेबी बहिणीला माहेर नसतें, हें तिला न सांगतां ठाऊक असतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५६ सालच्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला बापाच्या हिश्शांत वांटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतींत तिला मुलासारखी जन्मतः सहदायाद केली नाहीं. शिवाय त्याच कायद्याच्या २३ व्या कलमांत एक मौजेची तरतूद होती: राहतें घर असेल तर पुरुष वारस जोंपर्यंत वांटणी करीत नाहींत तोंपर्यंत मुलीनें तें वांटून मागूं नये, आणि विवाहित व नांदत्या मुलीला त्या घरांत राहण्याचाहि हक्क नाहीं, तो अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. म्हणजे ज्या घराला ती सर्व जन्म माहेर म्हणून हांक मारणार, तेथें ती कायद्यानें पाहुणी! महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलींस सहदायाद केलें, पण त्या दिवसापूर्वीं ज्यांचीं लग्नें झालीं त्यांस वगळलें. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशासाठीं दुरुस्ती झाली. ती २३ व्या कलमाची अडचणहि गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, हा हक्क जन्मानेंच येतो, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र अबाधित राहिल्या. कायदा येथवर येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आणि तो पोंचला त्याच सुमारास मुळशीच्या खाचरांचा भाव आभाळाला भिडला होता. सातबाराच्या उताऱ्यावर ज्यांचीं नांवें एका बाजूस ‘इतर हक्क’ या रकान्यांत दडपून ठेविलीं होतीं, त्या मुलींच्या सहीला पहिल्यानेंच किंमत आली. हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो. पण एकदां नोंदलें गेलें म्हणजे तें मनांत आलें म्हणून परत घेतां येत नाहीं. फसवणूक झाली, दडपण आलें, हें न्यायालयांत मुदतीच्या आंत शाबीत करावें लागतें. आणि सख्ख्या भावानें दिवाळींत प्रेमानें दिलेला चहा हें दडपण होतें, हें कोणती बहीण शपथेवर सांगणार?

धर्माचा आधार घेऊन बोलणारे कोणी असतील तर त्यांच्याहि सोयीची गोष्ट नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, भावांनीं आपापल्या हिश्शांतून अविवाहित बहिणींस चतुर्थांश द्यावा, न देतील ते पतित, असें स्पष्ट सांगितलें आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत तो चतुर्थांश म्हणजे लग्नाचा खर्च नव्हे, खराखुरा हिस्सा होय, असा पक्ष मांडला. नीळकंठभट्टाच्या व्यवहारमयूखानें तर वारसांच्या ओळींत बहिणीला इतर ग्रंथांपेक्षां पुष्कळ वर आणून बसविलें. आमचे पूर्वज स्त्रियांविषयीं फार उदार होते असें यावरून सिद्ध होत नाहीं; तसें कोणी सिद्ध करूं लागल्यास आम्हीं हंसूं. पण बहिणीनें हिस्सा मागणें ही पाश्चात्य विद्येची विकृति आहे, हें म्हणणें एवढ्यानें तरी बंद पडावें. भाऊबिजेचीच कथा घ्या. यम यमुनेच्या घरीं जातो. ती त्याला न्हाऊ-माखू घालते, जेवूं घालते, आणि तो तिला मागेल तें देतो. भाऊ बहिणीच्या दारीं जातो, आणि देणारा भाऊ असतो. देवांचा हिशेब ठेवणारा यम असूनहि त्यानें बहिणीकडून कांहीं लिहून घेतल्याचें कोणत्याहि पुराणांत आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

मुळशीच्या लोकांनीं हा सोडण्याचा उपदेश पूर्वीं एकदां ऐकलेला आहे, आणि त्याचें काय झालें हें त्यांनीं विसरतां कामा नये. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस टाटांच्या वीज कंपनीनें मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, तें पाणी घाटाखालीं भिऱ्यास सोडून, मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्याचें योजिलें. पन्नासाच्या आसपास गांवें आणि हजारों माणसें त्या योजनेच्या पाण्यांत येत होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. सण त्यांनींहि ओळखूनच निवडला होता. पांडुरंग महादेव बापट यांस याच लढ्यानें सेनापति केलें. शेंकडों लोक तुरुंगांत गेले, त्यांत स्त्रियाहि होत्या. आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपला तेव्हां धरण व्हावयाचें तें झालेंच. त्या वेळीं मावळ्यांस जो उपदेश झाला तो आजच्या उपदेशाहून शब्दानेंहि वेगळा नव्हता. देशाचा उद्योग वाढत आहे, उद्योग स्वदेशी आहे, काळ बदलत आहे, तेव्हां आपल्या चुली, आपले देव, आपलीं खाचरें सोडा. आणि त्या वेळींहि एक गोष्ट अशी घडली कीं, जमिनीचे कागद ज्यांच्या पेटींत होते त्या पुण्याच्या सावकारांचें लक्ष लवकरच मोबदल्याकडे वळलें. जमीन ज्यांच्या हातानें पिकत होती त्यांना मोबदला नको होता, जमीन हवी होती. एकाच जमिनीचे ते दोन धनी. पण सोडणें पहिल्याला फायद्याचें होतें आणि दुसऱ्याच्या जिवावर आलें होतें. आज ज्यांच्या आज्यापणज्यांनीं हा घोट घेतला, त्या घरांतील कर्ते पुरुष बहिणीला ‘काळ बदलला, ताई, आतां शेतींत कुणाला गम्य आहे’ असें सांगतांना त्या सावकारांच्या पेटीवर बसलेले असतात, हें त्यांच्या ध्यानांत येत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांपैकीं बहुतेक लवकर आटोपतां येण्यासारखे आहेत. बहिणीच्या लग्नांत खर्च झाला, हा पहिला. खर्च भावाच्याहि लग्नांत झाला; शिवाय त्या खर्चांतला जो भाग हुंड्याचा होता तो १९६१ पासून गुन्हा आहे, आणि गुन्ह्याची वजावट हिश्शांतून मागणें हें अजब गणित होय. जमिनीचे तुकडे पडतात, हा दुसरा. विकावयास काढलेल्या जमिनीविषयीं तो आक्षेप घेणाऱ्यांचें तोंड पाहण्यासारखें असेल. म्हाताऱ्या आईबापांस भावानें सांभाळलें, हा तिसरा. आणि तो खरा असेल तेथें त्याला मोल आहे. तें मोल हिशेबांत धरावें, उघड बोलून धरावें. बहुतेक बहिणी तें नाकबूल करणार नाहींत. मात्र सांभाळलें कोणीं, भावानें कीं भावजयीनें, हें एकदां विचारावें लागेल.

उरतो तो खरा आक्षेप. पुष्कळ बहिणी आपखुशीनें सोडतात. त्यांना सासरीं कमी नसतें, भाऊ गरीब असतो, वडिलांच्या घरचा दिवा तेवत राहावा अशी त्यांची इच्छा असते, आणि त्या हंसतमुखानें सही करतात. अशा दानाची आम्हीं थट्टा करूं तर आमच्या लेखणीला लाज. पण दान म्हटलें म्हणजे देणाऱ्याला आपण काय देतों तें माहीत पाहिजे. उतारा तिनें वाचलेला आहे काय? गुंठ्याचा चालू भाव तिला सांगितला आहे काय? जमीन कसण्यासाठीं ठेवावयाची आहे, कीं खरेदीदार आधींच ठरून त्याचा विसार खिशांत आला आहे, हें तिला ठाऊक आहे काय? सही न केल्यास पुढल्या गौरीला मुराळी येईल काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘येईल’ असें निःशंक उत्तर ज्या घरांत मिळतें, त्या घरांतलें हक्कसोडपत्र आम्हीं डोक्यावर घेऊं. इतर घरांत बहीण जमीन सोडते असें म्हणण्यापेक्षां माहेर विकत घेते असें म्हणणें खरें होईल, आणि तें असें कीं पुढल्या वर्षीं कदाचित् घरच पाडलें जावयाचें असतें! मुळशींत हेंहि आम्हीं पाहतों. सही झाली, जमीन गेली, भाऊ पुण्यास सदनिकेंत राहावयास गेला, आणि दिवाळीला ताईनें यावें तर तेथें निजावयास जागा नाहीं. तेव्हां तिला सांगतात कीं, हल्लीं सण कोण करतो, काळ बदलला.

या व्यवहारांत आणखी एक बाई आहे, आणि तिच्याविषयीं कोणी लिहीत नाहीं. ती वहिनी. चकल्या तळतांना ती ज्या कागदाची वाट पाहते, तसल्याच कागदावर चार वर्षांपूर्वीं तिनें आपल्या माहेरीं सही केलेली असते. तिचा भाऊहि असाच गोड बोलला होता, तिलाहि एक साडी मिळाली होती. आपल्या बापाच्या शिवारांत तिचा आतां कांहीं हक्क नाहीं. सासरच्या शिवारांत जो आहे तो नवऱ्याच्या मार्गानें. म्हणून नणंदेच्या हिश्शाकडे ती डोळ्यांत तेल घालून पाहते. तिला दुष्ट म्हणणें सोपें आहे, आणि मराठी कादंबरीकारांनीं व नाटककारांनीं तें काम पिढ्यान्‌पिढ्या इमानानें केलें आहे. परंतु प्रत्येक घरची वहिनी ही दुसऱ्या घरची ताई असते, ही साधी गोष्ट ध्यानांत घेतली तर दिसेल कीं, या सर्व उलाढालींत स्त्रियांच्या हातून स्त्रियांकडे कांहीं जात नाहीं; ताईची सही घेणारा भाऊ, वहिनीची सही घेणारा तिचा भाऊ. ज्या तीन दिवसांच्या गौरींच्या खटाटोपाविषयीं लेखाच्या आरंभीं उल्लेख आला, तो खटाटोपहि तिच्याच कमरेवर. घरचे पुरुष पंचपक्वान्नांच्या पंगतीला बसून ‘पूर्वींची मजा राहिली नाहीं’ म्हणतात, तेव्हां पुरण वाटणारी ती असते.

सोडावयाचेंच असेल तर येथून आरंभ करावा. सोळा भाज्यांचा नैवेद्य सोडावा. पांच भाज्यांनीं गौर रुसून गेल्याचें ऐकिवांत नाहीं. सगळे सण थोरल्या भावाच्याच घरीं झाले पाहिजेत हा हट्ट सोडावा. जमिनींत बहिणीचा हिस्सा आहे तर कुळाचारांतहि असावा. एखाद्या वर्षीं गौर तिच्या घरीं उभी राहावी, आणि भावांनीं बायकामुलांसह तेथें जेवावयास जावें. ‘कुळाचार मुलाकडेच चालतो’ असें कोणी म्हणेल, तर कुळाची जमीन मुलाकडेच चालते या जुन्या नियमाच्या तो जोडीचा होता, आणि त्यांतला एक नियम कायद्यानें मोडला आहे, हें त्याला दाखवावें. आणि सही घ्यावयाची असेल तर सणाचा आठवडा वर्ज्य करावा. श्रावण ते कार्तिक एवढे चार महिने सोडून आठ महिने मोकळे आहेत. बहिणीला उतारा आधीं पाठवावा, वकिलाला दाखवावयास पंधरवडा द्यावा, मोल बोलून दाखवावें, मग तिनें सोडावें, अर्धें घ्यावें कीं सगळें घ्यावें, तें तिचें तिनें ठरवावें. यांत प्रेम आटण्यासारखें काय आहे, हें आम्हांस कोणी समजावून दिल्यास त्याचे उपकार होतील.

तूर्त मुळशींत बहिणींच्या हक्काची सर्वांत जास्त काळजी कोणाला आहे म्हणाल, तर ती जमीन विकत घेणारांच्या वकिलांस. २०२० च्या निर्णयानंतर ते इतके सावध झाले आहेत कीं, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिल्याखेरीज आणि सर्व बहिणी, आत्या, मयत बहिणींचीं मुलें यांचीं नांवें वंशावळींत तपासल्याखेरीज ते विसाराचा पैसा सोडीत नाहींत; शक्य तेथें ते बहिणींना खरेदीखतांत संमति देणाऱ्या म्हणून उभ्या करतात. सख्ख्या भावानें जी बहीण पंधरा वर्षें मुराळी न पाठवितां विसरून टाकली होती, तिचा पत्ता परका वकील एका आठवड्यांत काढतो. मग मुराळी जातो, आणि बहुतकरून तो दिवाळीच्या आधीं जातो.